रांगेतली सुट्टी

टॉवेलांच्या निम्म्या घड्या झाल्या होत्या, तेवढ्यात शेजारची व्हर्ना टटल आली आणि न विचारता एक टॉवेल उचलून घडी घालू लागली. पासष्टीची ही बाई नात ओपलला एकटी वाढवते. पहिली-दुसरीच्या पोरांना शाळेत रोज वीस मिनिटं खेळायची सुट्टी मिळावी, म्हणून तिनं तीन वर्षं अलाबामाच्या विधानभवनाच्या खेपा घातल्या. चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेत मीही तिच्यासाठी साकडं घातलं. या उन्हाळ्यात एकदाचा कायदा झाला.

"मग, खेळली का गं ओपल आज?" मी विचारलं.

"खेळली की! तोंडावर बोट ठेवून, रांगेत." व्हर्ना दमल्यासारखी हसली. "वर्गातून जेवायला, तिथून बाथरूमला, परत वर्गात. मुख्याध्यापिका म्हणतात, एवढं चालणं झालं, तीच वीस मिनिटं."

"अगं, मैदान काय शोभेला आहे?"

"तूच देवाला नीट सांगितलं नाहीस."

"आणि तू आमदारांना सांगितलंस वाटतं?"

तिनं घडी घातलेला टॉवेल ढिगावर ठेवला आणि म्हणाली, "घरी आली की दप्तर पाठीवरच ठेवून अंगणात गोल गोल पळत सुटते गं. हाक मारली तरी थांबत नाही. बघवत नाही मला."

हे गाऱ्हाणं मांडायला आज संध्याकाळी शाळा मंडळाची सभा होती; पण तिथे बोलायला प्रत्येकाला तीनच मिनिटं मिळतात, आणि तेही चारच्या आत नाव दिलं तर.

"परत खेपा सुरू," म्हणत व्हर्ना गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि मंडळाच्या कचेरीत नाव द्यायला गेली.