नानांची सुट्टी

आमच्या अभ्यासिकेतले नाना बरोबर आलेल्या उत्तराकडे ढुंकूनही पाहत नसत. सराव परीक्षेचे गुण दाखवायला आपण ऐटीत जावं, तर हे चष्मा कपाळावर चढवून नेमकं चुकलेल्या प्रश्नावर बोट ठेवणार आणि म्हणणार, “उत्तर ऱ्हाऊ दे. हाई तुले सुचनं कसं, ते सांग.” बरोबर पर्याय पुस्तकाच्या मागे छापलेलाच असतो, तो वाचायला माणूस कशाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं उत्तर निवडताना आपलं डोकं कुठल्या वाटेने गेलं, हे मात्र कुणी छापत नाही. मग आठवत बसायचं. पर्याय ओळखीचा वाटला म्हणून, घाई झाली म्हणून, शेजारणीने तोच लिहिलेला दिसला म्हणून. हे शेवटचं कारण ऐकलं की नाना भलतेच खूश होत. “आते खरं बोलनी,” म्हणत आणि चहा मागवत. चुकल्याबद्दल चहा देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

अभ्यासिका म्हणजे धुळ्यातल्या देवपुरात मोटार वायंडिंगच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. प्लायवूडचे आडोसे, कुरकुरणारे पंखे, आणि साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडून आलेली आम्ही मुलंमुली. कुणी पोलीस भरतीचं, कुणी तलाठी परीक्षेचं, कुणी घरी लग्नाचा विषय निघू नये म्हणून आलेलं. मी तिन्हीतली शेवटची दोन. नाना तिथले व्यवस्थापक. कुलूप उघडणं, पाण्याचा जार भरून घेणं आणि पंख्याखालच्या जागेवरून होणारी भांडणं सोडवणं ही त्यांची कामं. वय जेमतेम चाळिशीचं, पण डोकं पांढरंफटक, म्हणून पोरांनी त्यांचं ‘नाना’ करून टाकलं होतं. एके काळी तेही आमच्यासारखेच परीक्षा देत होते. वयोमर्यादा संपली तेव्हा हॉलच्या मालकाने त्यांनाच देखरेखीला ठेवून घेतलं आणि मागची खोली राहायला दिली.

त्यांचा दुसरा प्रश्न त्याहून वाईट होता. आपण कुणाबद्दल काहीही सांगायला गेलो की नाना शांतपणे विचारत, “देखं, का समजी लिधं?” स्वतः पाहिलंस, की नुसतं गृहीत धरलंस? माझी खोलीतली मैत्रीण एकदा आठवडाभर माझ्याशी धड बोलेना. माझे गुण वाढले म्हणून ती जळते, हे मी नानांना अगदी पुराव्यानिशी पटवून दिलं. ते सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा तोच प्रश्न. मी तणतणत खोलीवर गेले आणि तिला सरळ विचारलं, तर तिच्या वडिलांना सिव्हिलमध्ये ठेवलं होतं आणि परत गावी बोलावतील या भीतीने ती कुणाला सांगत नव्हती. दुसऱ्या दिवशी नानांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. टोमणा मारायची इतकी चांगली संधी मी असते तर सोडली नसती.

निकालाच्या दिवशी ते कुणालाही एकटं जिना उतरू देत नसत. समोर बसवायचे. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मी म्हटलं, “काही नाही नाना, वाईट वाटतंय.” त्यांना ते चालेना. वाईट म्हणजे काय? भीती वाटते, राग येतो, का घरच्यांची लाज वाटते? “धड नाव घे माय. नाव नही घिधं तं ते बठ्ठं आंगवर येस.” नाव नाही घेतलं तर ते सगळंच्या सगळं अंगावर येतं. मी चिडून म्हटलं की मला तुमच्या या चौकशीचाच राग आलाय. “मंग ते तरी खरं शे,” असं म्हणून त्यांनी मान डोलावली. मग हळूहळू मला कळलं की मला भीती वाटत होती. घरी परत जावं लागेल याची साधी, सरळ भीती. तिला ओळखल्यावर रडू तर आलंच, पण त्या दिवशी चार घास घशाखाली उतरलेही.

साक्रीकडचा एक दांडगा मुलगा पोलीस भरतीत धावण्यात थोडक्यासाठी बाद झाला आणि येऊन त्याने पाण्याच्या जारला लाथ घातली. सगळ्या हॉलभर पाणी. आम्ही वह्या उचलून पळालो. नानांनी पोतेरं आणलं, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि पुसता पुसता म्हणाले, “तुले राग येल नही रे. राग येल मानूस दुसराकडे देखस. तू कवयना खाले देखी ऱ्हायना.” तो मुलगा तिथेच ओल्या फरशीवर बसला. लाज माणसाला कशी खाली बघायला लावते, हे नानांना इतकं बारीक कसं ठाऊक, असा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

त्यांचा एक नियम मात्र आम्हाला छळायचा. कुणाची निवड झाली तरी अभ्यासिकेत पेढे आणायचे नाहीत. “पेढा रुजू व्हयल्यावर.” यादीत नाव आलेली मुलं हिरमुसून पेढ्यांचा डबा परत न्यायची. नाना चिक्कू आहेत, दुसऱ्यांचं बघवत नाही, असलं काहीबाही आम्ही बोलत असू. खरं कारण आम्हाला राजूने सांगितलं. राजू हा नानांचा धाकटा भाऊ. सोनगीरच्या पुढे, हायवेपासून आत त्यांचं गाव. तो शेती बघायचा आणि धुळ्याला आला की नानांना ज्वारी, कळण्याचं पीठ असं काही ना काही देऊन जायचा. एकदा नाना बाहेर गेले होते, तेव्हा वाट बघत बसलेल्या राजूने आम्हाला ते ऐकवलं.

नानांचं खरं नाव भटू. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मोठ्या पदाच्या तात्पुरत्या यादीत त्यांचं नाव आलं होतं. गावातून निघालेला पहिला साहेब. आमच्याकडे अशा वेळी अंतिम यादीची वाट कोण पाहतं? चौकात फोटोचा बॅनर लागला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, डीजे वाजला, गुलालाने सगळी गल्ली लाल झाली. त्यांचे वडील, आबा, आयुष्यात कधी नाचले नव्हते, ते फेट्यासकट नाचले. पुढे सुधारित यादी आली आणि तिच्यात नाव नव्हतं. नाना तेव्हा कागदपत्रांसाठी धुळ्याला आलेले होते. ते गावी परत गेलेच नाहीत. बॅनर गावाने उतरवला का वाऱ्याने फाटला, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

बसने पाऊण तासाचं गाव. मी घरी शिंदखेड्याकडे जाताना त्या गावाच्या फाट्यावरून जायची आणि दर वेळी मला चमत्कारिक वाटायचं. फाट्यावरून सोनगीरचा किल्ला दिसतो, त्याच्या पलीकडे या माणसाचा बाप बसलाय आणि हा इकडे आमची मनं निस्तरत बसलाय. शेवटी एकदा धीर करून मी विचारलं. ते म्हणाले, “मनामुये आबानी मान खाले गयी. त्यास्ना समोर कोनतं तोंड लिसन जाऊ?” आबा तसं म्हणाले का, असं मी विचारलं. नाही, पण राजूने एकदा विषय काढला तेव्हा आबा एवढंच म्हणाले होते, “त्याले वाटी तव्हय तो यी.” त्याला वाटेल तेव्हा तो येईल. मला त्या वाक्यात वाट पाहणारा म्हातारा दिसत होता. नानांना त्यात तोंड फिरवलेला बाप ऐकू येत होता.

“नाना,” मी म्हटलं, “देखं, का समजी लिधं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठून खुर्च्या सारख्या करायला लागले, ज्या आधीच सारख्या होत्या. मग पाठमोरेच म्हणाले, “कवय कवय समजेल बी खरं ऱ्हास, माय.” कधी कधी गृहीत धरलेलंही खरं असतं, हे उत्तर घेऊन दुसऱ्या कुणाला त्यांनी जिना उतरू दिलं नसतं. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. आमच्या मनाच्या प्रत्येक कोपऱ्यात कंदील घेऊन फिरणारा हा माणूस स्वतःच्या दाराशी आला की तोच कंदील फुंकून टाकत होता. पण वयाने मोठ्या माणसाला किती टोचायचं?

पुढे माझी तलाठी म्हणून निवड झाली, पहूरला रुजू झाले आणि मगच पेढे घेऊन गेले. नानांनी अख्खा पेढा तोंडात टाकला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच एका मुलीच्या चुकलेल्या गणिताकडे वळले.

त्यानंतरच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी निघाले होते. धुळ्याला उतरले तशी सवयीने अभ्यासिकेत गेले, तर राजू आलेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वारलेल्या आईच्या नावाने घागर भरायची होती. तेवढ्यासाठी तो दरवर्षीच बोलवायला यायचा आणि नाना दरवर्षीच काहीतरी कारण सांगायचे. पण त्या दिवशी तो उभ्यानेच बोलला. “दादा, आबा बठ्ठं इसरायले लागनात. मनं नाव बी कवय सांगतस, कवय नही. तुले मातर रोज ईचारतस.”

“काय ईचारतस?” नानांनी विचारलं.

“तूच ईसन देख.”

नानांनी पिशवी भरली. आम्ही तिघं एकाच बसने निघालो. फाटा आला तरी ते सीटवरून उठेनात. “घरपावत ये माय,” ते मला म्हणाले. दुसऱ्यांना धीर देणाऱ्या माणसाला असं भ्यालेलं पाहणं फार कठीण होतं. मीही उतरले.

आबा अंगणात निंबाखाली खाटेवर बसले होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, लगबगीने टोपी सारखी केली आणि उठून उभे राहिले. “या साहेब, या!” मग शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारली, “देख रे, मना साहेब उना!” नाना अंगणाच्या मधोमध थिजले. आबांनी जवळ येऊन त्यांच्या कपाळावरून, पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. “गुलाल कोठे गया रे? धोई टाका का?”

राजू हळूच म्हणाला, “त्यास्ले तोच दिन याद शे, दादा. त्यानापुढलं काहीच नही.”

ज्या दिवसाच्या लाजेने हा माणूस एवढी वर्षं घरी आला नाही, तोच एक दिवस म्हाताऱ्याने जपून ठेवला होता. बाकी सगळं त्याच्यातून निघून गेलं होतं, सुधारित यादीसुद्धा. नानांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. अर्ध्या खऱ्या शब्दासाठी आम्हाला धारेवर धरणारे नाना आता काय बोलणार?

आबांनी त्यांना खाटेवर बसवलं. “कितला दिननी सुट्टी लिधी, साहेब?”

नाना पुष्कळ वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. “बठ्ठी लिधी, आबा.”

“मंग बरं,” आबा म्हणाले. “आते बठ मनाजोडे.”

नाना परत धुळ्याला आले नाहीत. अभ्यासिकेच्या किल्ल्या राजूने आणून दिल्या. पहिले काही दिवस त्यांना गावात फिरणंही अवघड गेलं असावं, कारण किराणा दुकानदारापासून दूधवाल्यापर्यंत जो तो त्यांना “राम राम साहेब” म्हणायचा. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी गाव टोमणे मारतंय. मग राजूने सांगितलं की आबा साहेबाची वाट बघायला लागले तेव्हापासून गल्लीने त्यांच्या सुरात सूर मिळवला होता. येता-जाता माणसं थांबून विचारायची, “आबा, साहेब कवय येतस?” म्हातारा तेवढ्यावर दिवसभर खूश असायचा. गावाला त्याच्यापलीकडे काहीच म्हणायचं नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा हे सांगताना नाना म्हणाले, “मी तं उलटंच समजी बठनू व्हतू, माय.” एवढं बोलून ते आबांना भाकरी कुस्करून द्यायला उठले. दुधात कुस्करलेली भाकरी साहेबाच्या हातून खाताना आबांचा तोरा बघण्यासारखा असे.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. रजा मिळायला वेळ लागला, म्हणून द्वारदर्शनाला, सांत्वनाच्या भेटीला, न जाता मी थेट सुतक फिटण्याच्या, गंधमुक्तीच्या दिवशी पोचले. डोक्याचा गोटा केलेले नाना आल्या-गेल्याची विचारपूस करत होते, पंगतीत वाढप कमी पडत नाही ना ते बघत होते. राजू म्हणाला की दादा एकदाही रडला नाही, आबांना उचललं तेव्हासुद्धा नाही. दुपारी माणसं पांगल्यावर ते निंबाखाली टेकले. शेजारचा तो म्हातारा, ज्याने त्यांना रोज सकाळी साहेब म्हणून हाक मारली होती, पाण्याचा तांब्या घेऊन आला. ‘साहेब’ ऐकून खूश होणारे आबा आता उरले नव्हते, आणि त्याच्या मनात काही वाकडंही नव्हतं.

“भटू,” तो मायेने म्हणाला, “पानी पी ले भो.”

नानांनी तांब्या हातात घेतला, तो तसाच धरून ठेवला, आणि बापाला खांदा देताना ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ते नाना स्वतःचं नाव ऐकून, अंगणात उरलेल्या माणसांसमोर, ओक्साबोक्शी रडायला लागले.