मागच्या सीटमधला कागद

व्हर्लिन स्टकीला आमच्या फ्लिंटमध्ये, या मोटारी बनवणाऱ्या गावात, सगळे डॉक्टर म्हणायचे. शिक्षण आठवीपर्यंत, तेही आर्कन्सॉत कापूस वेचता वेचता झालेलं. पण १९७० सालची शेवेल गाडी अस्सल सुपर स्पोर्ट, म्हणजे जास्त ताकदीची महागडी, आहे की साध्या गाडीला कुणी बिल्ले चिकटवलेत, हे सांगावं तर त्यानंच. शनिवारी सकाळी त्याच्या दारात गाड्या लागायच्या. हा विजेरी आणि दातवाल्याचा छोटा आरसा घेऊन उताणा गाडीखाली शिरायचा, नंबर वाचायचा आणि बाहेर येऊन एका शब्दात निकाल द्यायचा. गर्व होता त्याला. कारखान्यात सीटच्या लाइनवर मी त्याच्या शेजारी एकवीस वर्षं काढली, म्हणून हक्कानं सांगतो, फार गर्व होता.

त्या गाडीची गोम अशी, की काचेखालच्या पट्टीवरचा नंबर कारखाना, साल, दारं आणि सिलिंडर सहा की आठ एवढंच सांगतो. सुपर स्पोर्ट आहे का, ते सांगत नाही. ते कळतं मूळ इंजिनावर ठोकलेल्या अक्षरांवरून, नाहीतर कागदावरून. लाइनवर प्रत्येक गाडीबरोबर एक कागद यायचा, तिच्यात काय काय बसवायचं त्याचा. काम झालं की तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खुपसायचा. त्या कागदावर झेड पंधरा असं लिहिलेलं असलं, की गाडी अस्सल आणि तीही सगळ्यात मोठ्या इंजिनाची.

रॉइस टॉलिव्हर आमच्याच गल्लीतला, रंगखात्यातून निवृत्त झालेला. त्याची शेवेल त्याच्या थोरल्या भावानं, डेल्मारनं, बहात्तर साली गावी परत जाताना त्याला विकली होती. डेल्मारनं तेव्हाच सांगितलं होतं, मूळ इंजिन माझ्या हातून फुटलं, हे दुसरं बसवलंय, पण गाडी अस्सल आहे. रॉइसनं अठ्ठावीस वर्षं ती जिवापाड जपली. मग कुणीतरी म्हणालं, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लाव. प्रदर्शनवाल्यांना डॉक्टरचा शब्द हवा होता.

व्हर्लिननं अर्धा तास तपासलं. इंजिन गाडीचं नाही आणि सीटमध्ये कागदही नाही. 'मला सांगता येत नाही' एवढं म्हणाला असता तर ते खरं झालं असतं. पण आम्ही चौघं-पाच जण कॉफीचे पेले घेऊन भोवती उभे होतो, त्याच्या तोंडाकडे बघत. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "भावानं टोपी घातली की रे तुला, रॉइस."

सगळे हसले. मीही हसलो, ते मला अजून खातं. कारण लाइनवर काय चालायचं ते मला ठाऊक होतं. सुट्टीची घंटा व्हायच्या आधी दोन झुरके मारायला मिळावेत म्हणून आम्ही तीन-तीन गाड्यांचे कागद एकाच सीटमध्ये कोंबायचो. एका सीटमध्ये कागद नसण्याला काडीचा अर्थ नव्हता. हे व्हर्लिनला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.

रॉइसनं घरी जाऊन भावाला फोन लावला. नको ते बोलणं झालं. डेल्मारनं आईची शपथ घेतली, तर हा म्हणाला, मेलेल्या आईला तरी सोड. संबंध तुटले. रॉइसनं गाडीचे बिल्ले उचकटून काढले आणि ती उघड्यावर लावून ठेवली.

महिन्याभरानं व्हर्लिन माझ्या पायरीवर येऊन बसला. "होबार्ट, तो कागद दुसऱ्या कुठल्या सीटमध्ये गेला असला तर?"

"मग जाऊन सांग की त्याला."

"कागद मिळू दे. हातात काही नसताना शब्द कसा फिरवू?"

त्या दिवसापासून फ्लिंटच्या कारखान्यात बनलेली कुठलीही शेवेल आली, की तो आधी मागची सीट काढायला लावायचा. लोकांना वाटायचं, डॉक्टर बारकाईनं बघतोय. आठ वर्षं तो उंदरांच्या लेंड्या आणि गंजलेल्या तारा चिवडत राहिला. मधल्या काळात डेल्मारला फुप्फुसाचा कर्करोग झाला. त्यानं शेवटच्या हिवाळ्यात रॉइसला तीनदा फोन केला. तिसऱ्या खेपेनंतर रॉइस व्हर्लिनकडे आला होता, मी तिथेच होतो. त्यानं विचारलं, "तुला खात्री आहे ना?" व्हर्लिन खाली बघत म्हणाला, "कागदाशिवाय काय सांगू?" रॉइसनं याचा अर्थ हो असा घेतला. मीही तसाच घेऊ दिला. फेब्रुवारीत डेल्मार गेला. रॉइस मातीला गेला नाही.

कागद मे महिन्यात सापडला. जवळच्या लापीर गावातल्या एका गोठ्यातून कुणीतरी चार दारांची हिरवी शेवेल ओढून आणली होती. तिच्या सीटमध्ये दोन कागद निघाले, एक तिचा आणि एक दुसऱ्या गाडीचा. दुसऱ्याचा कोपरा उंदरानं खाल्लेला, पण नंबर शाबूत होता. रॉइसच्या गाडीचा नंबर व्हर्लिनला तोंडपाठ होता. खाली झेड पंधरा.

त्यानं मला सोबत चल म्हटलं. रॉइस स्वयंपाकघरात मक्याची पोळी आणि राजमा खात बसला होता. व्हर्लिननं कागद ताटाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं, झुरक्यांसकट. रॉइसनं चष्मा लावून ती ओळ कितीतरी वेळ वाचली. तो ओरडेल, मारेल, असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं भिंतीवरच्या फोनवरून डेल्मारच्या घरचा नंबर फिरवला आणि फोन व्हर्लिनच्या हातात दिला. "नदीनला सांग. माझ्यानं नाही होणार."

नदीन म्हणजे डेल्मारची बायको. व्हर्लिननं चाचरत नाव सांगितलं, कागद मिळाला म्हणाला, डेल्मार खरं बोलत होता म्हणाला. मी अगदी खेटून उभा होतो, मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"कारखान्यातून आलेली ती नवी सुपर स्पोर्ट त्यानं पहिल्या दिवशी घरी आणली तेव्हा मी शेजारी बसले होते. मला एकदा विचारलं असतंत तरी सांगितलं असतं." मग म्हणाली, "तो तर गेला. आता कागद कुणाला वाचून दाखवताय?" आणि तिनं फोन ठेवला.

रॉइसला कानानं कमी ऐकू येतं. तिनं फोन ठेवल्याचं त्याला कळलंच नव्हतं. तो टेबलावर दोन्ही हात टेकून वाट बघत होता.

"वाच," तो म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. तिला सगळं कळू दे."

व्हर्लिननं माझ्याकडे पाहिलं. मग बंद फोन तोंडाशी धरून तो वाचायला लागला. गाडीचा नंबर, रंग, इंजिन, गिअर, मागच्या चाकांचा दांडा, रेडिओ. रॉइस प्रत्येक ओळीला मान हलवत होता.