पडद्यावरचा शिळा आकडा
गरम रबराचा वास आला की महाडच्या रासायनिक कारखान्यातली ती दुपार आठवते. यंत्रांचे संदेश नियंत्रण कक्षात किती उशिरा पोचतात, हे मोजायचं माझं काम. पडद्यावर रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे रसायनांच्या टाकीचं, तापमान स्थिर दिसत होतं, पण तिकडून नवा संदेशच येत नव्हता; म्हणजे तो आकडा जुना होता! मी रिअ‍ॅक्टरकडे धावत सुटलो; तिथे तापलेल्या रबराचा वास भरला होता. "काटा बघा, काटा!" मी ओरडलो. तिथल्या पोलादपूरच्या ऑपरेटरने टाकीवरच्या तापमापकाकडे पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. "जाम चढलाय! तुम्ही पळा," म्हणत तो थंड पाण्याच्या घट्ट व्हॉल्व्हशी झगडू लागला. मी पळालो नाही, मीही व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. पाणी सुटलं, काटा हळूहळू उतरला. "घरी नाय सांगायचं हां," मटकन खाली बसत तो म्हणाला. माझ्या बायकोला अजून ठाऊक नाही.