मामांचं पळायला तयार घर

भांडगावच्या माझ्या मामांइतकी संकटाची तयारी सरकारनंही केली नसेल. खुद्द संकट दारात आलं असतं, तरी ती तयारी बघून ओशाळून परत गेलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. आभाळ फिरलं की अख्खं बिऱ्हाड घोड्यावर लादून वाटेला लागायचे. मामांनी शेती केली, स्लॅबचं घर बांधलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. "हे घोड्यावर लादायचं कसं?" असं ते गवंड्याला विचारत. गवंडी थापी उचलून पुढच्या भिंतीकडं सरकायचा.

म्हणून दर मंगळवारी घर सोडून पळायचा सराव. मामांनी थाळी बडवली की मामीनं पिठाचा डबा उचलायचा, सुशीनं, म्हणजे माझ्या मामेबहिणीनं, कोकरू आणि मी रेशनकार्ड. कारण मामांकडं राहून दौंडच्या कॉलेजात जाणारा, घरातला पहिला शिकलेला मीच. मग अंगणात गारगोटीनं विस्तव पेटवायचा. मी तासभर बोटं सोलून घेतली, पण ठिणगी काही पडली नाही. "कालेजात नेमकं काय शिकवत्यात रं?" मामांनी काळजीनं विचारलं. मी सोललेली बोटं खिशात घातली.

सुशीला बघायला तळेगाव ढमढेऱ्याचे पाहुणे आले, त्या दिवशी मात्र मामी हटून बसली. आधीची दोन स्थळं या सरावाची बातमी ऐकूनच फिरकली नव्हती. "आज थाळीला हात लावला तर म्या माहेरी जाईन, सांगून ठिवते!" मामांनी निमूटपणे थाळी पेटीत घालून कुलूप लावलं. पोहे वाढले आणि हायवेवर कुठल्याशा ट्रकचा टायर फुटला. पुढच्या क्षणी घरात फक्त पाहुणे उरले होते.

आम्ही अंगणात रांगेनं उभे. मामी डब्यासकट, सुशी नव्या साडीत कोकरासकट. भानावर आल्यावर मामीचे डोळे भरले. "मोडलं लगीन," ती पुटपुटली. तेवढ्यात मुलाचे वडील पोह्यांची बशी हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी आम्हाला एकेक करून न्याहाळलं.

"समदं बराबर हाय. पन घोडं कुठाय?"

"इकलं, आप्पा," मामा खाली मान घालून म्हणाले.

"म्या बी," म्हातारा म्हणाला. बराच वेळ तो कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "पोरीला इचारा, आमचं पोरगं पसंत हाय का."

सुशी कोकराआडून हसली.

लग्नाआधी मामा तीनदा तळेगावला जाऊन आले. कशाला, ते कुणालाच सांगितलं नाही. पाठवणीला जीप सुरू झाली, तसे ते खिडकीला धरून सोबत चालू लागले.

"सुशे, तिकडं मागल्या दाराची कडी घट हाय. आदी वर उचलायची, मंग वढायची. ध्यानात ऱ्हाईल?"

"व्हय, दादा."

जीपनं वेग घेतला, तरी मामांनी खिडकी सोडली नव्हती.