हातमागे बाई

बाईंचं खरं नाव आता सेवापुस्तकाशिवाय कुठे उरलेलं नाही. सगळे त्यांना हातमागे बाई म्हणतात. तोंडावर नाही हं, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

नाव पडलं ते शाळेच्या मागच्या अंगाच्या त्या लांबोडक्या खोलीत. तिथे बारा कॉम्प्युटर आले होते आणि आसपासच्या सगळ्या शाळांतल्या शिक्षकांना ते शिकवायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं होतं. का? तर हेडमास्तरांनी मीटिंगमध्ये "कोणाला येतं हे?" असं विचारलं तेव्हा बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि बाईंना काही ते सुचलं नाही. झालं!

काय दिवस होते ते! जुन्या पडद्यांच्या कापडाची झाकणं शिवून घातलेली मशीनं, धूळ नको म्हणून दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेली माणसं पहिलीतल्या पोरांसारखी भेदरून बसलेली. गणिताच्या एका सरांनी माऊस उचलला आणि टीव्ही लावावा तसा स्क्रीनवर रोखला. एक मॅडम माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत गेल्या आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाई, टेबल संपलं, आता काय करू?" ज्यांच्या शिट्टीने अख्खं मैदान कापायचं, ते पीटीचे सर डबल क्लिक करताना दोन क्लिकांच्या मध्ये दम खायचे. आता बोला!

बाईंचा नियम एकच. शिकणाऱ्याच्या माऊसला आपण हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. "अहो, एकदा तुम्हीच करून द्या ना," म्हणून लोक काकुळतीला यायचे. बाई ढिम्म हलायच्या नाहीत. "मी केलं तर मला येईल. मला येतंच आहे. तुमचं काय?"

हा नियम बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढला नव्हता. सहावीत असताना त्यांच्या भूगोलाच्या सरांनी त्यांना फळ्यापाशी बोलावलं होतं. सर स्वतः म्हणजे कमाल माणूस. पुस्तकाकडे न बघता एका दमात देशाचा अख्खा किनारा काढायचे. पण त्या दिवशी खडू त्यांनी या घाबरट मुलीच्या हातात दिला आणि स्वतः हात मागे बांधून बाजूला उभे राहिले. तिने काढलेला किनारा म्हणजे फाटलेलं पोतं. वर्ग खो-खो हसला. सर कडाडले, "चुकतेय ती. तुमच्या पोटात का दुखतंय?" पुसलं, काढलं, पुसलं, काढलं. तास संपायच्या सुमारास किनारा जमला. आपणही शिक्षिका व्हायचं, हे त्या मुलीने तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि बघा योग कसा! अठ्ठावीस वर्षांनी तेच सर चपला बाहेर काढून त्या खोलीत आले आणि सात नंबरच्या मशीनवर बसले.

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. वरून हुकूम आला होता की आता धडे प्रोजेक्टरवर शिकवायचे, जो शिक्षक परीक्षा पास होणार नाही त्याने वर्ग सोडायचा आणि दप्तरखान्यात जुन्या फायली लावत बसायचं. दोन महिने सर रोज आले. बाईंना ते अजूनही "पोरी" म्हणायचे, आणि पोर हात मागे बांधून त्यांच्यामागे उभी असायची. खडू धरणाऱ्या त्या हातात माऊस काही केल्या बसेना. तरी नेटाने शिकले बिचारे.

परीक्षेला चाळीस मिनिटं होती. नकाशा उघडायचा, त्यावर बंदरं दाखवायची, नावं टाकायची, फाइल सेव्ह करून बंद करायची. सरांनी सगळं केलं. पाच मिनिटं शिल्लक होती आणि परीक्षक चहाला बाहेर गेले होते. बाईंच्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात सरांनी सेव्ह करायच्या आधीच बंद करायचं बटण दाबलं.

स्क्रीनवर परक्या भाषेत एक चौकट आली. सरांनी तशी चौकट कधी पाहिली नव्हती, कारण सरावात हा घोळ त्यांनी एकदाही घातला नव्हता. कपाळावरचा घाम पुसत ते हळूच म्हणाले, "पोरी, हे काय विचारतंय गं? हो म्हणू का नाही?"

फक्त एक शब्द सांगायचा होता. बाईंच्या ओठांवर तो आलासुद्धा. पण ही परीक्षा होती. त्यांनी पाठीमागची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली आणि ओठ मिटून घेतले.

सर भिडस्त माणूस. आणखी काही हवंय का, असं कोणी विचारलं तर नको म्हणायची सवय. त्यांनी "नाही" दाबलं. चाळीस मिनिटांची मेहनत क्षणात गायब! सरांनी एकदा कोऱ्या स्क्रीनकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि उठून गेले. चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

पुढची दोन वर्षं सर दप्तरखान्यात होते. सहा महिन्यांनी परत परीक्षा घेऊ, असं वरून सांगितलं होतं, ती काही झाली नाही. हुकूमच बारगळला, पण सरांचा वर्ग तोवर दुसऱ्याकडे गेला होता. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या गर्दीत बाई मागे उभ्या राहिल्या. पुढे जाऊन पाया पडायची छाती झाली नाही. त्यांना एकच गोष्ट खात राहिली. आपण तेव्हा गप्प राहिलो ते खरंच प्रामाणिकपणाने, का हातमागे बाई हे आपलं नाव आपल्याला जपायचं होतं? त्या परीक्षेला अठरा वर्षं झाली, तरी याचं उत्तर त्यांना सापडलं नव्हतं.

आता या महिनाअखेरीला बाईही निवृत्त होणार. खोली रिकामी करायला सांगितली होती, मशीनं भंगारात जाणार होती. त्याआधी आतलं सगळं पुसून टाकायचं म्हणून बाई एकेक मशीन लावत होत्या. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकवायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम, त्यामुळे न बघता पुसणं चाललं होतं. सात नंबरचं मशीन कुरकुरत सुरू झालं आणि सरांच्या नावाचा फोल्डर समोर आला. बाईंचा हात थबकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याचा फोल्डर उघडला.

आत एकतीस फायली होत्या. नकाशा एक, नकाशा दोन, असं करत एकतीसपर्यंत. पहिल्यातला किनारा म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. दहाव्यात जरा आकार आलेला. मग बाईंनी एकतिसावा उघडला. सहावीच्या फळ्यावरचा तोच किनारा होता, माऊसने काढलेला. तारखा सगळ्या परीक्षेनंतरच्या.

"काका!" त्यांनी दारातल्या शिपायाला हाक मारली. "हे कधी?"

काकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "हे होय? सर यायचे की रोज शाळा सुटल्यावर. तुम्ही तेव्हा दुसऱ्या शाळेत शिकवायला जायचात. मी किल्ली द्यायचो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"शपथ घातली होती. म्हणाले, परत परीक्षा होऊ दे, पास झालो की मीच सांगेन तिला. आता परीक्षाच झाली नाही तर मी काय करू?" काका हसायला लागले. "एकदा मी म्हटलं, आणा तो माऊस, मी धरून दाखवतो. तर असे खेकसले माझ्यावर! 'हात मागे!'"

बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या. काका बिचारे गोंधळून पाणी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेल्या. सर खिडकीपाशी खुर्चीत होते. नजर पार अधू झाली होती, पण आवाजावरून त्यांनी लगेच ओळखलं. "पोरी, अठरा वर्षं लागली होय यायला?"

बाईंनी मनात साचलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं. "रागावलो होतो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? वर्ग गेला माझा. पुष्कळ दिवस रागावलो होतो. पण अगं, तेव्हा तू सांगितलं असतंस तर मला तिथेच कळलं असतं, ही पोर माझ्याकडून काहीच शिकली नाही."

बाईंनी लॅपटॉप उघडला, माऊस लावला आणि तो सरांच्या हाताखाली ठेवला. मग सवयीने हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"स्क्रीनवरचा बाण दिसत नाही मला," सर म्हणाले. "धर माझा हात."

बाई घुटमळल्या.

"अगं, धर की! परीक्षा केव्हाच संपली."

बाईंनी आपला हात सरांच्या हातावर ठेवला. बाण कुठे आहे तेवढं त्या सांगत होत्या, वळायचं कुठे ते सरांचा हात जाणत होता. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत किनारा उतरला. थोडा थरथरता, पण बरोबर. सरांनी समाधानाने मान हलवली. "बंद कर आता."

बाईंनी बंद करायचं बटण दाबलं. स्क्रीनवर चौकट आली.

"काय झालं? काही विचारतंय का?"

"जपून ठेवू का, म्हणतंय."

"मग सांग की त्याला."

"हो," बाई म्हणाल्या, आणि दोघांनी मिळून बटण दाबलं.