दोघांचाही पंच

सुरतेतल्या डिंडोलीत आमचं एक अभ्यासमंडळ आहे. सदस्य तीनच, पण त्यात एक अध्यक्ष आहेत. ते कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. सभा त्यांच्या घरी भरते, म्हणून निवडणूक घ्यावी लागली नाही.

त्या रविवारचा विषय होता, कृत्रिम बुद्धिमत्तेपासून मानवजातीला वाचवायचं कसं. 'मानवजात' म्हणताना अध्यक्ष चष्मा काढतात. त्यांच्या मते यंत्र एक दिवस माणसाचं ऐकेनासं होणार.

"बटण बंद करायचं," आमचे मास्तर म्हणाले. त्यावर अध्यक्ष बराच वेळ बोलले.

"तूर्तास मात्र ते समंजस आहे," त्यांनी शेवटी मान्य केलं. "मी त्याला घराचं विचारलं."

इथलं घर विकून धरणगावकडच्या गावी परतायचं, हे त्यांनी ठरवत आणलं होतं. दलाल संध्याकाळी कागद घेऊन येणार होता. फोनमधल्या यंत्रानं त्यांना कळवलं होतं की आपल्या मातीत परतणं शहाणपणाचं आहे.

अध्यक्षांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आपला फोन घेऊन बाहेर आल्या. "मीपण विचारलं त्याला. म्हणतो, या वयात लेक आणि दवाखाना सोडून जाऊ नका."

मी दोन्ही उत्तरं वाचली. दोन्हींची सुरुवात एकच होती: तुमचा विचार अगदी योग्य आहे. यंत्र उलटलं तर काय, एवढीच चर्चा आम्ही आजवर केली होती. ते सगळ्यांचंच ऐकायला लागलं तर काय, हे कोणाला सुचलं नव्हतं.

"भाऊबंदकीत पंचाला कोणी आधी एकट्यानं गाठलं, तर तुम्ही त्याला पंच मानाल?" मी विचारलं. "तुम्ही तर दोघांनीही गाठलाय."

मग आम्ही दोघांच्या वतीनं एकच प्रश्न विचारला. उत्तर आलं, दोघांच्याही भावना मोलाच्या आहेत, निम्मं वर्ष इथं, निम्मं तिथं राहून बघा.

"म्हणजे जन्मभर सुरत-भुसावळ गाडीत," वहिनी म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी त्याला लिहिलं, तू सगळ्यांनाच हो म्हणतोस. 'तुमचं निरीक्षण अचूक आहे,' असं उत्तर आलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पण मानवजातीचा उल्लेख केला नाही. दलालाला फोन लावून आज येऊ नका म्हणाले. मग वहिनींकडे वळले. "तुला गावी नक्की खुपतं काय?"

"दवाखाना लांब आहे. आणि तुमची भावजय जवळ आहे. कुठून सुरुवात करू?"

"भावजयीपासून."

"मग टेका जरा. वेळ लागेल."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही चपला शोधू लागलो.