भलत्या वेळची टाळी

टाळी आपोआप वाजते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात कधी सभा भरवलेली नाही. माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली असतात आणि प्रत्येकाला वाटत असतं, पहिली शेजाऱ्याने वाजवावी. आपण वाजवली आणि कुणी साथ दिली नाही तर शोभा व्हायची. पक्षात ती पहिली टाळी एकच माणूस वाजवायचा. धंद्याने बेकरीवाला, जन्मभर मैदा तिंबून तळहात फळीसारखे रुंद झालेले. सगळे त्याला टाळीमामा म्हणत. बायकोसुद्धा रागात असली की तेच म्हणायची.

तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्याची. तिथून पक्षाचे म्हातारे पुढारी, अण्णा, अगदी समोर दिसत. दोघांनी मिळून पक्ष उभा केला होता, एकाने बोलून आणि एकाने वाजवून. अण्णांचा आवाज कुठे चढतो, दम कुठे घेतात, सगळं मामाला पाठ. अलीकडे मात्र त्याच्या टाळ्या जरा लांबायला लागल्या होत्या आणि त्याचं कारण दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. अण्णा विसरायला लागले होते. एक वाक्य संपायचं आणि पुढचं सापडायचं नाही. मग डोळे मामाकडे वळायचे. मामा टाळ्या धरून ठेवायचा, लोक साथ द्यायचे, तेवढ्यात म्हाताऱ्याला धागा मिळायचा. याबद्दल दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

असा माणूस पक्ष सोडेल असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण या निवडणुकीआधी लाकडाचा व्यापारी आला. काल-परवापर्यंत समोरच्या पक्षात बसून अण्णांच्या नावाने खडे फोडणारा हा गृहस्थ वाजतगाजत इकडे आला आणि वॉर्डाची उमेदवारी घेऊन बसला. ती मामाच्या मुलीला द्यायचं कबूल झालं होतं. पोरीने वॉर्डातल्या पाण्यासाठी, दिव्यांसाठी चपला झिजवल्या होत्या, आणि व्यापाऱ्याला वॉर्डात नळ किती वाजता येतो हेही माहीत नव्हतं. मामा अण्णांकडे गेला.

"पुढच्या वेळी बघू," अण्णा म्हणाले. "तू घरचा माणूस. तुला काय समजवायचं?"

घरच्या माणसाला सगळ्यात शेवटी वाढायचं आणि तोवर भांड्यात काही उरलेलं नसायचं, ही तर जुनीच रीत. मामा उठला. त्याला फार लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या पक्षाचे वकीलसाहेब बेकरीत आले. पाव घेतला नाही, नुसते उभे राहिले.

"उमेदवारी तुमच्या मुलीला," ते म्हणाले. "उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस. सकाळी पक्षाचं पत्र तिच्या हातात. अट एकच. आज संध्याकाळी अण्णांची सभा आहे, तिथे तुमच्या नेहमीच्या खुर्चीत बसा. आणि टाळी वाजवू नका."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही आमच्याकडे आलात, हे त्यांना तिथेच कळू दे."

घरी बायको म्हणाली, "पक्ष सोडायचा तर सोडा ना. पण समोर बसून गप्प बसायचं, हे काही बरं नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही."

"जमेल," मामा म्हणाला. मुलीसमोर बाप दुसरं काय म्हणणार?

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर अण्णांच्या शेजारी लाकडाचा व्यापारी नवऱ्या मुलासारखा सजून बसला होता, आणि मागच्या भिंतीला टेकून वकीलसाहेबांची दोन माणसं उभी होती. मामाने तळहात मांड्यांखाली सारले.

पहिलं ठरलेलं वाक्य आलं. अण्णांचा आवाज चढला, थांबला. काही नाही. कुणी तरी खाकरलं. माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. दुसऱ्या वाक्यालाही तेच झालं. शेजारच्या शिंप्याचे अर्ध्यावर आलेले हात मामाकडे बघून खाली गेले. आता कुजबुज सुरू झाली आणि ती मागच्या रांगेपर्यंत पोचली. मामा फिरला, मामा फुटला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. अजून थोडा वेळ, तो मनात म्हणत होता, अजून थोडाच वेळ.

"आणि म्हणून मी तुम्हाला सांगतो," अण्णा म्हणाले आणि थांबले. "मी तुम्हाला सांगतो."

पुढचं सापडत नव्हतं. त्यांचे डोळे मामावर येऊन थांबले. त्यांत राग नव्हता. गर्दीत हात सुटलेल्या लहान मुलासारखे ते घाबरले होते. व्यासपीठावर व्यापारी चुळबुळ करायला लागला.

"मी सांगतो," अण्णा पुन्हा म्हणाले.

उमेदवारी, वकीलसाहेब, मुलगी, सगळं एका क्षणात मामाच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तरीही हात बाहेर निघाले. त्याने टाळी वाजवली. नेहमीसारखी, दणदणीत.

साथ आली नाही. मामा फिरलाय, हे आता सगळ्यांना कळलं होतं. म्हातारा अडखळलाय आणि फुटलेला मामा टाळ्या पिटतोय, याचा लोकांनी एकच अर्थ लावला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मामाने जोर वाढवला, म्हणजे खऱ्या टाळ्या सुरू होतील. सुरू झाल्या त्या टिंगलीच्या, संथ लयीत, वर एक शिट्टी. मामाचे हात थांबले तरी त्या थांबेनात. अण्णा खुर्चीत बसले ते पुन्हा बोलायला उठलेच नाहीत.

दाराबाहेर निरोप मिळून वकीलसाहेब येऊन पोचले होते. त्यांनी मामाचा हात दोन्ही हातांत धरला.

"मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "आम्ही नुसतं गप्प बसा म्हटलं होतं. तुम्ही तर त्यांची वाटच लावलीत. सकाळी पत्र घ्यायला या."

मामाने हात सोडवून घेतला. तेवढ्यात लोक बाजूला झाले. व्यापाऱ्याच्या दंडाला धरून अण्णा पायऱ्या उतरत होते. मामासमोर ते थांबले.

"बरं केलंस," अण्णा म्हणाले. "निदान समोर बसून केलंस. मुद्दामच वाजवलीस ना?"

मामाने तोंड उघडलं. भोवती सगळे कान टवकारून उभे होते. मी तुम्हाला सावरायला वाजवली, असं म्हणायचं तर सावरायची वेळ का येते, तेही सांगावं लागलं असतं. मग सकाळपर्यंत गावभर झालं असतं.

"हो अण्णा," मामा म्हणाला. "मुद्दामच."